गळका प्रिंटर आणि निमजे काका

माणूस आठवला की आधी त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो म्हणतात. निमजे काका आठवले की माझ्या डोळ्यांपुढे त्यांची नखं येतात. काळी-निळी, कडेनं जांभळी, आणि उजव्या अंगठ्याच्या नखाखाली कायम काहीतरी ओलं. ते ओलं काय आहे हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. "शाई आहे म्याडम, दुसरं काही नाही," म्हणून त्यांनी तो अंगठा बनियनला पुसला आणि त्याच हातानं मला पोह्याची बशी दिली. अंगठा पोह्यात होता. वर तर्री होती, पण तर्रीचा रंग मला चांगला माहीत आहे. तो जांभळा नसतो. मी ती बशी तशीच मागच्या दारानं नेऊन गाईपुढे ठेवली, अन् गाईनंही हुंगून तोंड फिरवलं.

मोहाडीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा निमजेंच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. पुढचं घर त्यांचं. काका आणि शकुनकाकू, दोघंच. मधली भिंत एक, अंगण एक, हापसायची बोरिंग एक आणि कपडे वाळवायची तार एक. घर घेताना मी संडास पाहिला, छत गळतं का ते पाहिलं, शेजारी दारूडा आहे का ते विचारलं. घरमालकाचे हात पाहायचे असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काका जातीनं कोष्टी, पण मागावर कधी बसले नाहीत. उभा जन्म तुमसरच्या एका राईस मिलमध्ये काट्यावर गेला, धानाची पोती तोलण्यात. रिटायर झाले त्या दिवशी मिलवाल्यांनी शाल-नारळ दिला. काकांनी शाल-नारळ घेतला आणि वरून मिलच्या हापिसातला एक प्रिंटर मागून घेतला. मिलवाले तो फेकायलाच निघाले होते. काकांनी तो एसटीत मांडीवर घेऊन आणला, लेकरू आणावं तसा. मोहाडीच्या स्टँडवर उतरले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर मांडीपासून गुडघ्यापर्यंत काळा ओघळ होता, अशी काकूंची आठवण. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते धूड गळतच होतं. तिथंच माणसानं समजून घ्यावं की नाही? पण समजून घेईल तो निमजे कसला!

मिलवाले प्रिंटर काहून फेकत होते, हे काका मला फार जीव लावून समजावून सांगायचे. आणि नेमकं मी जेवायला बसले की सांगायचे.

"याले बी नाक आहे म्याडम. चालू केला का हा आधी नाक शिंकरते. शाईची धार मोकळी झाली पाह्यजे न, मंग! थे शिंकरलेली शाई जाईल कुठी? म्हनून कंपनीनं खाली रुमाल ठेवला आहे. नमद्याच्या पांढऱ्या गाद्या. पोटातच आहे त्याच्या. सारी शाई तठी जाते, तठीच जिरते. गादी भरली का हा लाल बत्ती देते आन् गप बसते. मंग लोक म्हनते, खराब झाला, फेका. अवो, खराब कायचा? रुमाल भरला तं रुमाल धुवा न!"

समोर वरण-भात, आणि कानात हे नाक शिंकरणं. मी ताटावर दुसरं ताट झाकायची.

अन् रुमाल ते खरंच धुवायचे. ती धुलाई मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. प्रिंटर अंगणात पालथा घालायचा, मागचे स्क्रू काढायचे आणि पकडीनं आतली गादी ओढून काढायची. मेलेला उंदीर शेपटीला धरून काढतात ना, तस्सं. गादी कसली, काळा, जड, लिबलिबीत गोळा, आणि त्यातून तार धरून ठिबकणारं काहीतरी. मग तो बोरिंगखाली घालून पिळायचा. आधी काळं पाणी, मग जांभळं, मग हिरवट. ते पाणी माझ्या दारापुढून जायचं, कारण अंगणाचा उतार माझ्या दाराकडं. आणि पिळून झालेल्या गाद्या काका तारेवर वाळत घालायचे. तार एकच! सव्वीस जानेवारीसाठी धुतलेली माझी पांढरी साडी त्याच तारेवर होती. सकाळी पाहते तर पदरावर निळे-काळे थेंब, खालपर्यंत ओघळलेले.

"शी! काका, अहो हे काय?"

"काही नाही म्याडम, निंगते. सारं धुऊन निंगते."

हे त्यांचं पालुपद होतं. हळदीचा डाग पडला, सारं धुऊन निंगते. भांड्यावर बोरिंगच्या पाण्याची लाल पुटं चढली, धुऊन निंगते. शेजारच्या गल्लीत दोन भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले तेव्हाही काका ओट्यावर बसून म्हणाले होते, "निंगते थे बी. टाइम लागते, पन मनातलं सारं धुऊन निंगते." माझी साडी मी तीन साबणांनी धुतली. नाही निघालं. पुढे तिचा पोछा झाला.

त्यांच्या घरात काही म्हणून फेकलं जायचं नाही. झिजलेले दातांचे ब्रश एका डब्यात, जुन्या चपलांचे पट्टे खिळ्याला, आणि सगळ्यात कहर म्हणजे खर्ऱ्याच्या पन्न्या. आमच्याकडं सुपारी-तंबाखू-चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा करतात, अख्ख्या जिल्ह्याचे दात त्यानं लाल केलेत. लोक खर्रा खातात अन् पन्नी रस्त्यावर टाकतात, हीच मला घाण वाटायची. काका पन्नी टाकायचे नाहीत. ते ती धुवायचे, वाळवायचे आणि प्रिंटर उघडायचा असला की बोटांवर चढवून सुतानं बांधायचे. ते त्यांचे हातमोजे! काम झालं की पन्न्या पुन्हा धुवायच्या आणि पुन्हा खिशात. खर्ऱ्याच्याच खिशात. त्यातली एखादी परत खर्रा घोटायला जात होती का, हे मी विचारलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग बाई, घर सोडलं काहून नाही? सोडलं असतं हो. पण शाळेत रोज काही ना काही छापून मागायचे. आज चाचणीचे पेपर, उद्या पोषण आहाराचा तक्ता. स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याचं दुकान त्याच्या मर्जीनं उघडायचं. आणि काका कोणाला नाही म्हणायचे नाहीत. पोट्ट्यांचे हॉल तिकीट, म्हाताऱ्यांचे आधार कार्ड, कोणाच्या तेरवीची पत्रिका, अख्खा पुरा, म्हणजे सारा मोहल्ला, त्यांच्या ओट्यावर. पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत. "कोनाचं काम अडलं नाही पाह्यजे," म्हणायचे आणि काळ्या बोटांनी कागद द्यायचे. कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा उमटलेला असायचा. पुऱ्यातल्या प्रत्येक घरात निमजे काकांचा अंगठा आहे, तलाठ्याच्या हापिसात असेल त्याहून पक्का. पण एवढं छापायचं म्हणजे तो प्रिंटर दिवसभर नाक शिंकरत बसायचा, आणि गादी भरायची.

आता काकूंचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच गेलं.

शकुनकाकू लहानपणापासून मागावर. कोशाचं सूत, म्हणजे तो मधाच्या रंगाचा जंगली रेशमाचा धागा, आणि करवती काठ, ही त्यांची हातोटी. करवतीच्या दात्यांसारखा तो काठ हातानंच गुंतवावा लागतो, त्यात घाई चालत नाही. शेठ सूत द्यायचा, काकू विणून द्यायच्या, लुगडं नागपूरला जायचं. जन्मभर विणली, स्वतः एकही नेसलं नाही. आणि मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, जेवढी नजर गेली ती परत येणार नाही, आहे ती थेंब टाकून जपा. त्या दिवशी काकू घरी आल्या, गपचूप चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई, डोळे आहेत तवरक एक लुगडं माह्यासाठी विनतो मी. आपल्या हातचं आपल्याच आंगावर. मंग जाऊ दे डोळे गेले तं."

सूत त्यांनी स्वतःचं आणलं. माग पुढच्या खोलीत, खिडकीखाली, कारण उजेड तिथंच. आणि घरातला विजेचा धड चालणारा एकच बोर्ड, तोही त्याच भिंतीवर. त्यामुळं मागाच्या वर, भिंतीतल्या फळीवर, तो प्रिंटर.

"अवो, थे डब्बं अठून उचला," काकू म्हणायच्या. धोटा हातात, नजर काठावर.

"काही नाही होत व. मी पाहून राहिलो न."

"तुमी पाह्यता म्हनूनच मले भेव वाटते."

काका हसायचे. खर्ऱ्यानं लाल झालेले दात, काळे हात, आणि ते हसू. मला तर पाहवत नव्हतं.

धुऊन धुऊन त्या नमद्याच्या गाद्यांचा लगदा झाला. शेवटी त्या बोटांत चुरा होऊन आल्या. नव्या गाद्या नागपुरात मिळतात, मी जाणाऱ्या-येणाऱ्याकडून मागवून देते म्हटलं. काका दुखावल्यासारखे झाले. "विकत कायले? आपल्याकडं त्याहून चांगला माल आहे." दुसऱ्या दिवशी ते तुमसरला गेले आणि मिलमधून थैलीभर कोंडा घेऊन आले. धानाचा कोंडा! तांदळावरून निघतो तो, मऊ, तेलकट, म्हशीला घालतात तो.

"मिलमंदी इंजिनचं तेल सांडलं का आमी काय टाकत होतो? कोंडा! घटकाभरात सारं तेल पेऊन घेत होता थो. तेल पेते तं शाई नाही पेनार?"

जुन्या बनियनचा तुकडा अंथरला, त्यावर कोंडा दाबून भरला, प्रिंटर बंद केला. मिलच्या कॉम्प्युटरवाल्यानं दिलेलं काहीतरी आपल्या जुन्या लॅपटॉपवर चालवलं, त्याला ते "रिसेट मारनं" म्हणायचे. "मशीनले सांगा लागते, बापा, तुहं पोट रिकामं आहे. थे बिचारं मानते." लाल बत्ती गेली, हिरवी आली. आणि काका असे काही हसले की जणू धानाला भाव मिळाला.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "काका, कोंडा आहे तो. सडेल. किडे होतील." सांगितलं ना मी!

पहिले काही दिवस ठीक गेले. मग वास सुरू झाला. आंबूस, कुबट, त्यात शाईचा तो औषधी दर्प. काकू नाकाला पदर लावून विणायच्या. मग एकदा मी चौथीच्या चाचणीचे पेपर छापायला गेले. कागद बाहेर आला, आणि प्रश्न तिसऱ्यावर, 'रिकाम्या जागा भरा'च्या खाली, एक अळी. चिरडलेली. अर्धी रिकाम्या जागेत, अर्धी कंसात. दुसऱ्या कागदावर तिचं उरलेलं अंग. मी तो गठ्ठा तिथंच टाकला आणि बाहेर जाऊन ओकले. आणि काकांनी काय करावं? नखानं ती अळी खरवडली, कागद फुंकला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या, चालते. लेकरं काय पाह्यते."

"तुम्हाला किळस नाही येत हो, काका?" मी ओरडलेच.

"किळस कायची? कोंड्यातलीच आहे न थे. तांदूळ खाता न तुमी?"

तो महिनाभर मी भात खाल्ला नाही, खोटं नाही सांगत. लाल बत्ती लागली की काका आता पोट उघडतही नव्हते. नुसता रिसेट मारायचे. आत काय चाललंय हे त्या मशीनला माहीत नव्हतं आणि काकांना माहीत करून घ्यायचं नव्हतं.

काकूंचं लुगडं तोवर अर्ध्यावर आलं होतं. संध्याकाळी उजेड गेला की त्या विणलेल्या कापडावरून तळहात फिरवायच्या. एखादा धागा सैल असला तर हाताला कळायचा. डोळ्यांचं काम हळूहळू हातानं घेतलं होतं. मला म्हणायच्या, "बाई, हात लावून पाहा न. तुमचे हात साफ आहेत." मी लावायची. अशी मऊ, थंड वस्तू मी दुसरी पाहिली नाही. त्या घाणीच्या घरात तेवढीच एक जागा होती की जिथं मला बसावंसं वाटायचं.

श्रावणात काकू लाखांदूरला भावाकडं गेल्या, त्याच्या नातवाचं बारसं होतं. जाताना मागावर जुनं धोतर झाकून गेल्या. दारातून परत फिरून म्हणाल्या, "मी येईपर्यंत थे मशीन चालवू नका." काका म्हणाले, "हव." तो "हव" कसा होता हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. नुसता तोंडाचा होता.

दोन दिवस पावसाची झड लागली होती. कोंड्यानं ओल धरली, फुगला, त्याची दगडासारखी पेंड झाली आणि शाई जिरायची जागाच उरली नाही. त्यात कोण्या पोरीचा प्रवेशअर्ज होता, तिचं काम अडू नये म्हणून काकांनी प्रिंटर लावला. त्यानं नाक शिंकरलं, आणि ते सगळं, इतक्या दिवसांचं साचलेलं, पोटाच्या कडेवरून बाहेर आलं. फळीवरून ओघळलं, भिंतीवरून उतरलं आणि धोतरातून झिरपून खालच्या कोशावर गेलं. पोरगी अर्ज घेऊन गेली. काकांना कळलं ते नंतर.

मला हे कसं कळलं? दुपारी त्यांनीच हाक मारली. आवाजात मोठा आनंद होता.

"म्याडम! या न, पाहा न! मी म्हनत होतो का नाही!"

मी नाक दाबूनच गेले. काका मागावर वाकून बसले होते. एका हातात डब्यातला जुना दातांचा ब्रश, बाजूला मग्यात पांढरं पाणी, आणि खोलीभर तो डोळ्यांत झोंबणारा वास. "ब्लिचिंग पावडर," ते म्हणाले. "विहिरीत टाकाले नगरपंचायतवाले देऊन गेले होते, थे जपून ठेवली होती मी. हा एवढा डाग पडला होता," त्यांनी तळहात दाखवला, काळाकुट्ट. "पाहा आता. गेला का नाही? थोडासा पिवळा उरला आहे. थो बी निंगते."

डाग खरंच फिका झाला होता. मधाच्या रंगावर विटकरी-पिवळा पट्टा उरला होता. काकांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि त्या पट्ट्यावर हलक्या हातानं, जपून, घासला. आणि ब्रश खाली गेला. आवाज नाही, काही नाही. कापड जसं तिथं नव्हतंच. काका क्षणभर ब्रश शोधत होते. तो कापडाच्या खालून दिसत होता.

"निं..." ते म्हणाले, आणि थांबले.

भोक बोटाएवढं होतं. त्यांनी त्याच्या कडेला बोट लावलं, तर कडाही सुटली. जिथं जिथं ते पाणी लागलं होतं, तिथं रेशमाची नुसती लापशी झाली होती.

माझ्या तोंडून त्या दिवशी जे निघालं ते मी मागे घेणार नाही. मी म्हटलं, "काका, पहिल्या दिवसापासून मला तुमच्या हातांची किळस येते. बाईनं जन्मभरात एक वस्तू स्वतःसाठी मागितली, एक! तिलाही तुम्ही हे हात लावले?" काकांनी हात पालथे करून पाहिले, मग सुलटे करून पाहिले, अन् मांडीखाली घालून बसले. काकू येईपर्यंत त्यांनी खर्रा खाल्ला नाही. कागद घेऊन लोक आले की म्हणायचे, "बंद आहे. स्टँडवर जा."

काकू आल्या त्या थेट मागाशी गेल्या. चप्पलही नीट काढली नाही. धोतर बाजूला केलं आणि नेहमीसारखा तळहात कापडावरून फिरवला. मी दारात उभी होते. काका भिंतीशी. त्यांना आधीच सांगता आलं असतं, पण त्यांच्यानं झालं नाही. काकूंचा हात काठाकडून मध्ये आला, आणि बोट आरपार गेलं.

बराच वेळ ते बोट तिथंच होतं.

"कायनं झालं?"

"शाई सांडली होती," काका म्हणाले. "मी धुतलो."

"डाग केवढा होता?"

काकांनी हात पुढं केला. काकूंना तेवढ्या अंतरावरून दिसत नव्हतं. त्यांनी तो हात धरला, चाचपला, तळव्याचं माप घेतलं.

"एवढाच?" त्या म्हणाल्या. "आन् अठी, मधात? अवो, निऱ्यामंदी गेला असता जी थो. खोचून टाकली असती मी. कोनाले दिसला असता? मलेच दिसत नाही." मग त्यांचा आवाज चढला. मी त्यांचा चढलेला आवाज तेव्हाच ऐकला. "डाग चालला असता मले! तुमचा हात कायले लावला? काहून लावला?"

त्यांनी कात्री घेतली आणि विणलेलं कापड, उभे धागे धरणाऱ्या फणीच्या पुढून, कापून काढलं. कोष्ट्याच्या घरात अर्धं लुगडं मागावरून कापणं म्हणजे काय, हे मला त्या घराच्या शांततेवरून कळलं. कापलेलं कापड जमिनीवर पडलं. काकांनी ते उचललं. आणि आता ऐका, कारण या माणसाची मला सर्वात जास्त शिसारी आली ती या क्षणी. त्यांनी ते हातात घेऊन वळवलं, चांगल्या बाजूवर वीत ठेवली आणि नजर वर फळीकडं गेली. प्रिंटरकडं. माप घेत होते! गादीचं माप! मुद्दाम नाही, मी शपथेवर सांगते. हातालाच तशी सवय होती. कुठलाही उरलेला तुकडा दिसला की तो कशात भरता येईल, हेच त्या हाताला माहीत.

काकूंना दिसलं नसेल असं मला वाटलं. पण विणणाऱ्या बाईला वीत पडल्याचा आवाजही कळत असावा.

"भरा," त्या म्हणाल्या. "भरा तुमच्या डब्ब्यात. कोंड्याहून चांगलं पेईन थे."

काकांची वीत तशीच राहिली. मग एकेक बोट मिटलं. कापड त्यांनी पाटावर ठेवलं, घडी न करता. फळीवरून प्रिंटर उतरवला आणि अंगणात बोरिंगमागं नेऊन ठेवला. तो तिथं कितीतरी दिवस पावसात भिजत, काळं पाणी गाळत पडला होता. कबाडीवाला आला, त्यानं पायानं उलथा केला, वास घेतला आणि "राहू द्या काका," म्हणून निघून गेला.

मला शहापूरच्या शाळेत बदली मिळाली. घरात जीव लागत नव्हताच. सामान टेम्पोत चढवलं आणि निरोप घ्यायला म्हणून पुढच्या खोलीत गेले. खरं सांगते, पोहे देतील म्हणून पोट भरूनच गेले होते.

माग रिकामा असेल असं मला वाटलं होतं. पण त्यावर नवीन सूत चढलं होतं. काकूंनी कापताना जुन्या धाग्यांची टोकं फणीत तशीच ठेवली होती. आता नव्या सुताचा एकेक धागा त्या जुन्या टोकाशी वळून सांधायचा होता. शेकडो धागे, केसासारखे. नजर लागते त्याला, आणि काकूंची नजर तेवढी उरली नव्हती. म्हणून मागाच्या पाठीमागं काका उकिडवे बसले होते, जन्मात पहिल्यांदा. बाजूला वाटीत चाळलेली राख, बोटं कोरडी ठेवायला. काकू जवळ पिढ्यावर.

"हात," काकू म्हणाल्या.

काकांनी दोन्ही हात पुढं केले. परिपाठाला माझी पोरं करतात तसे, आधी पालथे, मग सुलटे. काकूंनी ते डोळ्यांच्या अगदी जवळ नेले. मग नाकाजवळ नेले.

"खर्रा."

"सकाळीच खाल्लो. एकच."

"धुवून या."

ते गेले. बोरिंगचा आवाज आला, नारळाच्या शेंडीनं घासल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं आले. हात घासून घासून लाल झाले होते. पण नखं तशीच होती. मुळाशी थोडी पांढरी रेघ आली होती, वर सगळं काळं.

"निंगलं?" काकूंनी विचारलं.

"नाही निंगत थे," काका म्हणाले. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "धुवून नाही निंगत. नखं वाढू द्या लागते."

"मंग नख लावू नका. पेरानं वळा."

काकांनी राखेत बोटं बुडवली. पहिल्या धाग्याचं टोक उचललं, जुन्या टोकाला लावलं आणि पेरांच्या मधे वळायला लागले. दोनदा सुटलं. काकू मागाच्या लाकडावर हात ठेवून बसून राहिल्या. मी "येते" म्हटलं, पण कोणी ऐकलं नाही. दारातून वळून पाहिलं तेव्हा तिसऱ्यांदा धागा वळत होता, आणि काकांनी दहाही काळी नखं अशी वर उचलून धरली होती की एकही सुताला लागत नव्हतं.